सोपाऱ्याहून दोन रस्ते : मंगोलियन आणि झुलू

मंगोलियन आणि झुलू या दोन भाषांची इतिहासात कुठे थेट गाठ पडल्याचं दिसत नाही. एक गोबीच्या वाळवंटाभोवती, घोडे आणि मेंढ्या राखणाऱ्या लोकांची. दुसरी दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, गाईगुरं राखणाऱ्या लोकांची. दोघींची घराणी वेगळी, लिप्या वेगळ्या. मग त्यांना एका लेखात बसवायचं कशासाठी, असं वाचक विचारतील. कारण असं की या दोन टोकांच्या मधोमध आपण राहतो. दोन्ही दिशांचे रस्ते आपल्या वसई तालुक्यातून गेले, आणि त्यातल्या एका रस्त्याने आलेले शब्द आपण सकाळ-संध्याकाळ वापरतो. दुसऱ्या रस्त्याने माणसं आली, पण त्यांचे शब्द मात्र जवळपास नाहीसे झाले. असं का झालं, हा या लेखाचा विषय आहे.

दोन सुफाला

आज लोकलच्या गर्दीमुळे ओळखलं जाणारं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. बौद्ध कथांमधला पूर्ण नावाचा व्यापारी, जो पुढे भिक्षू झाला, तो याच बंदराचा. बौद्ध धर्माची आणि व्यापाराची वाट इथे एकच होती.

अरब भूगोलकार या बंदराचं नाव सुबारा, सुफारा आणि सुफाला असंही लिहीत. पण त्यांना आणखी एक सुफाला माहीत होतं : आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या मोझांबिकमध्ये. घोटाळा होऊ नये म्हणून एकाला ते ‘हिंदचं सुफाला’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘झंजचं सुफाला’. झंज म्हणजे पूर्व आफ्रिकेतले काळे लोक. ते सोफाला आजही नकाशावर आहे आणि तिथे ज्या भाषा बोलतात त्या झुलूच्या जवळच्या बहिणी आहेत. म्हणजे दर्याच्या रस्त्याने सोपाऱ्याची ओळख आफ्रिकेशी जोडली गेलेली होती.

खुष्कीचा रस्ता उत्तरेला जात होता. बौद्ध धर्म भारतातून मध्य आशियात गेला, तिथल्या सोग्दी आणि उइघुर लोकांनी संस्कृत शब्द उचलले, आणि त्यांच्याकडून ते मंगोलांकडे पोचले. आपला ‘रत्न’ मंगोलियनमध्ये ‘एर्देने’ झाला. काराकोरम या जुन्या राजधानीच्या जागी १५८५ साली बांधलेल्या मठाचं नावच ‘एर्देने झू’ आहे. ‘संसार’ तिथे ‘सान्सार’ आहे आणि आज त्याचा अर्थ आहे अंतराळ. मंगळ ग्रहाला मंगोलियनमध्ये म्हणतात ‘आंगाराग’. अंगारकी चतुर्थी मंगळवारीच का येते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. शनीला ‘सान्चिर’ म्हणतात, म्हणजे आपला शनैश्चर.

एक शब्द तर मला विशेष आवडतो. मंगोलियनमध्ये पुस्तकाला ‘नोम’ म्हणतात. तो मूळचा ग्रीक ‘नोमोस’, म्हणजे कायदा. सोग्दी आणि उइघुर भाषांतून तो धर्मग्रंथ या अर्थाने मंगोलांकडे गेला. तोच ग्रीक शब्द दुसऱ्या वाटेने अरबीत गेला आणि उर्दूत ‘नामूस’ झाला, म्हणजे इज्जत. एकाच बापाची दोन लेकरं, एक उलानबातरच्या पुस्तकाच्या दुकानात आणि एक आपल्या गझलेत.

वाक्य कसं बांधतात

आता दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघू. मंगोलियनमध्ये ‘मी पुस्तक वाचलं’ हे वाक्य ‘बी नोम उन्श्सान’ असं होतं. बी म्हणजे मी, नोम म्हणजे पुस्तक, उन्श्सान म्हणजे वाचलं. क्रम अगदी मराठीचा आणि उर्दूचा. विभक्तीचे प्रत्ययही आपल्यासारखे शब्दाच्या शेपटीला लागतात. ‘गेर’ म्हणजे घर, ‘गेरेस’ म्हणजे घरातून. पण ‘नोम’ला तोच प्रत्यय लावला की तो ‘नोमोस’ होतो, आणि ‘आव’ म्हणजे वडील, त्याला लावला की ‘आवास’. प्रत्यय एकच, पण शब्दात जो स्वर असेल त्याच्याशी तो आपला स्वर जुळवून घेतो. पाहुण्याने घरच्यांच्या पद्धतीने जेवायला बसावं तसं.

झुलूमध्ये सगळं उलट्या बाजूने चालतं. तिथे शब्दाचं डोकं बदलतं. ‘उमुन्तु’ म्हणजे माणूस, ‘अबान्तु’ म्हणजे माणसं. यावरूनच विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने या सगळ्या भाषांच्या घराण्याला ‘बांटू’ नाव दिलं. स्वाहिलीत माणसाला ‘म्तु’ म्हणतात, शोनात ‘मुन्हु’. बहिणी आहेत हे ऐकूनच कळतं.

झुलूत नामांचे वर्ग असतात, अनेकवचनाचे वेगळे धरले तर डझनापेक्षा जास्त. नामाचा वर्ग जो असेल त्याची खूण क्रियापदावर आणि विशेषणावरही लागते. ‘उम्फुन्दी उफुन्दा’ म्हणजे विद्यार्थी वाचतो. ‘अबाफुन्दी बाफुन्दा’ म्हणजे विद्यार्थी वाचतात. हे ऐकून गोंधळायचं कारण नाही, कारण मराठीत आपण हेच करतो : चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. फक्त आपले वर्ग तीन आहेत. उर्दूचे दोन आहेत. फारसी आणि मंगोलियनमध्ये एकही नाही. म्हणून उर्दू माध्यमाचं मूल ‘माझी पुस्तक’ म्हणतं तेव्हा ते आळशी नसतं. त्याच्या कानात ‘मेरी किताब’ असते आणि दोन खणांच्या कपाटात तीन खणांचं सामान बसवायची त्याची खटपट चाललेली असते.

झुलूचे चटके मारणारे ध्वनी जगभर प्रसिद्ध आहेत. आपल्याला ते अवघड वाटतात, पण ते आपण रोज काढतो. कुणाचं वाईट ऐकून हळहळताना आपण जीभ दातांना लावून जो चुकचुकण्याचा आवाज काढतो, तो झुलूतला एक व्यंजन आहे. घोड्याला किंवा बैलाला हाकताना गालाच्या बाजूने काढतो, तो दुसरा. जीभ टाळूला लावून ‘टॉक’ करतो, तो तिसरा. झुलूत पुस्तकाला जो शब्द आहे त्याच्या मधोमध हळहळीचाच आवाज येतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे चारही भाषा हातात हात घालतात. मराठीत ‘शिकणे’मध्ये ‘व’ घातला की ‘शिकवणे’. उर्दूत ‘पढना’चं ‘पढाना’. मंगोलियनमध्ये ‘सुराख’ म्हणजे शिकणं आणि ‘सुर्गाख’ म्हणजे शिकवणं. झुलूत ‘फुन्दा’ म्हणजे शिकणं, ‘फुन्दिसा’ म्हणजे शिकवणं. इंग्रजीत हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. पण या चार भाषांच्या मते शिकवणं ही वेगळी क्रिया नाहीच, ती म्हणजे दुसऱ्याला शिकायला लावणं. बीएडच्या वर्षभरात शिक्षणशास्त्राच्या ज्या व्याख्या पाठ केल्या, त्यांचं सार या एका अक्षरात आहे.

सासऱ्याचं नाव

झुलू भाषेत हे चटके मूळचे नव्हते. बांटू बोलणारे लोक दक्षिणेकडे सरकत गेले तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्या सान आणि खोई लोकांकडून हे ध्वनी त्यांच्याकडे आले. ते कसे आले याबद्दल अभ्यासक एक कारण देतात, ते आपल्या बायकांना चटकन समजेल.

झुलू समाजात लग्न झालेल्या बाईने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नावच काय, त्या नावातली अक्षरं ज्या शब्दात येतात तो शब्दही टाळायचा. या रिवाजाला ‘ह्लोनिपा’ म्हणतात, म्हणजे अदब. आता रोजच्या वापरातला शब्द टाळायचा तर बोलायचं कसं? बायका त्या अक्षराच्या जागी दुसरा ध्वनी घालत किंवा वेगळा शब्द वापरत. शेजारच्या भाषेतला चटका त्यासाठी सोयीचा होता. आईचे असे शब्द मुलांनी उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते भाषेत मुरले.

मंगोलियातही सुनेने सासऱ्याचं आणि मोठ्या दिराचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखे ऐकू येणारे शब्दही टाळायचे, अशी रीत होती. म्हणजे हजारो कोसांवरच्या दोन समाजांत सुनांवर एकच बंधन. आणि आपल्याकडे? मराठी घरात नवऱ्याचं नाव उखाण्यातच यायचं, एरवी ‘अहो’. आमच्या घरांत ‘अजी सुनते हो’ किंवा मुलाचं नाव जोडून ‘अमक्याचे अब्बा’. भाषेची जडणघडण राजे आणि पंडित करतात असं आपण शिकतो. चुलीपाशी तोंड बंद ठेवायला लावलेल्या बायकांनीही ती केली, हे झुलू सांगते.

नोकर घोड्यावरून आला

आता पुन्हा खुष्कीच्या रस्त्याकडे येऊ. तेराव्या शतकात चंगीझखानाच्या भोवती जे स्वतंत्र लढवय्ये स्वखुशीने निष्ठा वाहून एकत्र आले, त्यांना मंगोलियनमध्ये ‘नोकोर’ म्हणत. अर्थ : साथी, सोबती. १२५८ साली चंगीझचा नातू हुलागू याने बगदाद उद्ध्वस्त केलं आणि इराणवर मंगोलांचं राज्य बसलं. त्या राज्यात हा शब्द फारसीत शिरला. फारसी दिल्लीला आली, दख्खनला आली, बहामनी आणि निजामशाही दफ्तरांतून मराठीत उतरली. वाटेत सोबत्याचा चाकर झाला. तोच आपला ‘नोकर’.

मंगोलियात मात्र शब्द घसरला नाही. तिथे आजही ‘नोखोर’ म्हणजे मित्र किंवा नवरा. कम्युनिस्ट राजवटीत ‘कॉम्रेड’साठी हाच शब्द वापरत. मंगोलियातली बाई नवऱ्याची ओळख ‘हा माझा नोखोर’ अशी करून देते. आपल्याकडच्या काही बायकांना हे भाषांतराशिवायच पटेल.

‘दारोगा’ही मंगोल आहे. ‘दारु’ हा धातू दाबणे या अर्थाचा. शिक्का दाबणारा अधिकारी तो दारोगा. मराठीत त्याला आपण तुरुंगावर बसवलं. ‘बहादूर’ तुर्की आणि मंगोल दोन्हीकडचा, मूळ रूप ‘बागातुर’. मराठ्यांनी तो मनापासून स्वीकारला : बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर, जो १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईत जखमी होऊन वारला, ‘हिंमतबहादूर’ हा किताब. आणि १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली करणारा गुजरातचा सुलतान कोण, तर बहादूरशाह. आपल्या गावाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावरच मध्य आशियातला शब्द बसला आहे.

मी जी भाषा शिकवते तिचं नावही त्याच रस्त्याने आलं. तुर्की-मंगोल ‘ओर्दू’, ‘ओर्दो’ म्हणजे राजाची छावणी. मंगोलियनमध्ये ‘ओर्दोन’ म्हणजे राजवाडा. दिल्लीच्या शाही वस्तीला ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणत, तिथली भाषा ती ‘जबान-ए-उर्दू’. भाषेला हे नाव मिळालं अठराव्या शतकाच्या अखेरीस. भाषा त्याआधी कित्येक शतकं हिंदवी, दखनी, रेख्ता या नावांनी नांदत होती. उर्दू म्हणजे लष्कराच्या बाजारात जन्मलेली भाषा, हे आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीत बसलेलं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

दर्यातून आले त्यांचं काय

पोर्तुगीजांनी आफ्रिकेतल्या सोफाल्याला १५०५ साली किल्ला बांधला. वसई त्यांच्याकडे १५३४ मध्ये आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत राहिली. वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. आणि मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता. म्हणजे दोन शतकं वसई आणि मोझांबिक एकाच साहेबाच्या दोन कचेऱ्या होत्या. या वाटेने आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून आपल्या किनाऱ्यावर आणली गेली. घरकाम, जहाजकाम, शिपाईगिरी यांत ती राबली.

त्याआधीपासून अरब आणि गुजराती जहाजांतून हबशी येतच होते. मलिक अंबर इथिओपियाचा. त्याची मातृभाषा बांटू घराण्यातली नव्हती. पण आज गुजरात-कर्नाटकात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या जनुकीय अभ्यासात पूर्व आफ्रिकेतल्या बांटू लोकांशी नातं स्पष्ट दिसलं आहे. जंजिऱ्यावर तर सिद्दींनी १९४८ पर्यंत राज्य केलं. म्हणजे माणसं थोडीथोडकी नव्हती आणि सगळीच दुबळीही नव्हती.

मग त्यांचे शब्द कुठे आहेत? माधव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश छापला, एवढे फारसी शब्द मराठीत होते. मौलवी अब्दुल हक यांनी त्याच विषयावर उर्दूत पुस्तक लिहिलं. बांटू-मराठी कोश मात्र कुणी केला नाही, कारण त्यात घालायला शब्दच उरले नाहीत. कारणं समजण्यासारखी आहेत. गुलामांची टोळी एका गावची, एका भाषेची नसे. त्यांना एकमेकांशी बोलायलाही मालकाचीच भाषा लागे. त्यांची नावं बदलली जात : कुणी अंबर, कुणी याकूत, कुणी पोर्तुगीज संताच्या नावाचा. मुलं दखनी, कोकणी, मराठी बोलत वाढली. जे सत्तेवर चढले त्यांनी दफ्तर फारसीत ठेवलं, कारण सत्तेची भाषा तीच होती.

त्यांचे शब्द गेले आणि राहिले ते आपण त्यांना दिलेले शब्द : हबशी, सिद्दी, काफरी. यातल्या शेवटच्या शब्दापाशी मला थांबावंसं वाटतं. ‘काफिर’ हा आपल्या धार्मिक परिभाषेतला शब्द, अर्थ : इमान न आणणारा. अरब खलाशांनी आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मुस्लीम नसलेल्या लोकांना तो लावला. पोर्तुगीजांनी तो जसाच्या तसा उचलला, मग डच आणि इंग्रजांनी. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांत झुलू आणि तिच्या शेजारच्या खोसा भाषेचं नावच ‘काफिर भाषा’ असं छापलेलं आढळतं. पुढे वर्णद्वेषी राजवटीत ती काळ्या माणसाला घालायची सर्वांत घाणेरडी शिवी झाली. आज दक्षिण आफ्रिकेत हा शब्द कुणाच्या तोंडावर फेकला तर शिक्षा होते. श्रद्धेविषयीचा एक शब्द व्यापाऱ्याच्या, मग गुलामांच्या सौदागराच्या, मग पोलिसाच्या तोंडी गेला आणि त्याचं हे झालं. आपण काही केलं नाही असं म्हणून हात झटकता येतात. पण शब्द आपल्या घरातून गेला, हे माहीत असावं.

बगदाद जाळणाऱ्यांचा शब्द आपल्या प्रत्येक घरात आहे, मुलाला ‘नोकरी’ लागावी म्हणून आपण दुआ मागतो. आणि ज्यांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली त्यांचा साधा भाकरीचा शब्दही आपल्याला ठाऊक नाही. शब्द टिकतो तो चांगल्या माणसाचा म्हणून नव्हे, तर ज्याच्या हातात दफ्तर असतं त्याचा म्हणून.

एक शब्द राहिला

तरी एक शब्द वाचला. वसईहून रेल्वेने उत्तरेला गेलं की भरूच लागतं. त्या जिल्ह्यात रतनपूरला बाबा गोर यांची दर्गाह आहे, सिद्दींचं मोठं श्रद्धास्थान. तिथे सिद्दी ढोलाच्या तालावर जो नाच करतात त्याला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाच. झुलूत ‘इन्गोमा’ म्हणजे गाणं. बाकीची भाषा गेली, पण ज्या शब्दाला वर्षातून काही रात्री उभं राहायला जागा मिळाली तो राहिला. दफ्तराची जागा नाही मिळाली, दर्गाहच्या अंगणाची मिळाली.

जागेचा हा प्रश्न जुना नाही. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती नको म्हणून. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या मुलांत झुलू बोलणारी अनेक होती. आज झुलू ही दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिथे सर्वाधिक घरांत बोलली जाणारी भाषा तीच निघाली. २०२० साली चीनच्या ताब्यातल्या आंतरिक मंगोलियात काही विषय मंगोलियनऐवजी चिनीतून शिकवायचं ठरलं, तेव्हा आईबापांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. कधीकाळी अर्धं जग जिंकलेल्यांच्या भाषेवर ही पाळी आली. सत्तेने दिलेली जागा सत्तेबरोबर जाते.

वसई-विरारच्या कुठल्याही उर्दू शाळेतल्या एका वर्गात घरी दखनी, कोकणी, भोजपुरी, गुजराती बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. पुस्तकात यातली एकही भाषा नसते. उर्दू आणि मराठी शिकवणं हे माझं काम आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण या वर्षी मुलांना एक वही वेगळी घालायला सांगितली आहे. आपल्या नानी-दादीच्या तोंडचे, वर्गात कुणालाच न कळणारे शब्द त्यात लिहायचे, अर्थासकट. स्पेलिंग, शुद्धलेखन, काही बघायचं नाही. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. पहिल्या आठवड्यात भांड्यांची आणि माशांची नावंच जास्त आली आहेत. ती फळ्यावर लिहून घेते आहे.